लाटेवरचा खर्च आणि लाटेचे मूल्य: खानापूरच्या एका प्रश्नाला उत्तर

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते आणि त्यांचे दोन मित्र कारवारच्या बाजूच्या एका किनाऱ्यावर काही हंगामांपासून सर्फिंग शिकवतात. त्या किनाऱ्याची धूप थांबवण्यासाठी दगडी बांध घालावा, अशी चर्चा तिथल्या पंचायतीत सुरू झाली आहे आणि बांध झाला तर लाट नीट फुटणार नाही, अशी त्यांना धास्ती आहे. लाटेचे मूल्य रुपयांत काढता येते का, काढलेच तर डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, त्या कागदाला कोणी विचारील का, आणि घाटावरच्या माणसाने समुद्राच्या भानगडीत पडावे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. किनाऱ्याचे नाव त्यांनी कळवले आहे, पण मी ते येथे मुद्दाम देत नाही. त्याचे कारण ओघात येईल.

माझा व्यवसाय बाजारात विकल्या न जाणाऱ्या गोष्टींचे, म्हणजे जंगल, तळी, धबधबे, नद्या यांचे आर्थिक मूल्य काढण्याचा आहे आणि बेळगावात राहून मी तो बरीच वर्षे करीत आलो आहे. सर्फिंग मला येत नाही. मंगळुरूजवळ मुल्कीला, जिथे २००४ साली भारतातला पहिला सर्फ क्लब उभा राहिला, तिथे मी एकदा बोर्डावर उभे राहण्याचा प्रयत्न केला होता आणि त्यातून माझ्या ज्ञानात पडलेली भर नाकातोंडात गेलेल्या पाण्यापुरतीच होती. त्यामुळे लाट चांगली की वाईट हे आपण ठरवावे. तिचा हिशेब कसा मांडावा, एवढेच मी सांगू शकतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, मात्र त्यात एक खाच आहे आणि बहुतेक उत्साही मंडळी तिथेच अडखळतात. लाटेमुळे होणारा खर्च आणि लाटेचे मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात बेळगावहून गोकाकचा धबधबा पाहायला जाणारे कुटुंब बसभाडे देते, कांदाभजी खाते आणि परतताना करदंटाचा डबा घेते. समजा, यात सहाशे रुपये गेले. हा झाला खर्च, म्हणजे बसवाल्याची, भजीवाल्याची आणि मिठाईवाल्याची मिळकत. परंतु हेच कुटुंब हजार रुपये लागले असते तरी गेले असते, तर उरलेले चारशे रुपये कोणाच्याही गल्ल्यात न पडता समाधानाच्या रूपाने त्यांच्याकडेच राहिले. धबधब्याचे मूल्य म्हणजे मुख्यतः हे चारशे रुपये होत. ज्यूल द्यूप्वी या फ्रेंच अभियंत्याने १८४४ साली पूल आणि रस्त्यांच्या संदर्भात हीच गोष्ट मांडली आणि आजही आमचा सगळा धंदा तिच्यावर चालतो. ढोबळ बोलण्यात खर्चाचा आकडा ‘मूल्य’ म्हणून खपून जातो, पण समोर जाणता माणूस असेल तर तो पहिल्याच मिनिटात विचारतो, ‘हे पैसे लोकांनी दुसरीकडे खर्च केले नसते का?’ आणि आपल्याकडे उत्तर नसते.

खर्चाचा आकडा निरुपयोगी आहे, असे मात्र नाही. लाट कोणाच्या पोटाशी बांधलेली आहे हे त्यातून कळते. स्पेनच्या बास्क प्रांतात मुंडाका नावाचे लहानसे गाव आहे. तिथे खाडीच्या मुखाशी नदीने आणलेल्या वाळूची एक पट्टी तयार झालेली असून तिच्यावर डावीकडे लांबच लांब फुटत जाणारी लाट युरोपातल्या उत्तम लाटांमध्ये गणली जाते. २००३ मध्ये खाडीत वरच्या अंगाला असलेल्या जहाजबांधणी कारखान्यासाठी मोठा वाळूउपसा झाला, वाळूची पट्टी मोडली आणि पुढची एक-दोन वर्षे लाट जवळजवळ नाहीशीच झाली. २००५ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा रद्द करावी लागली. पुढे वाळू हळूहळू जागेवर आली आणि लाटही परतली. त्यानंतर, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्फिंगमुळे त्या गावात वर्षाला १५ ते ४५ लाख डॉलर येतात आणि ९५ च्या आसपास रोजगार टिकतात, असे दिसून आले. आकडा जाईल तिथे १५ आणि ४५ ही दोन्ही टोके लोकांपुढे ठेवली गेली, ही गोष्ट मला त्या अभ्यासात सर्वाधिक आवडते. एकच एक नेमका आकडा सांगणाऱ्या अहवालावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. आपणही ठेवू नये.

आता मूल्य कसे काढतात, ते पाहू. आपल्यासाठी सोयीची रीत प्रवासखर्चाची आहे. तिची मूळ कल्पना हॅरोल्ड होटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याला लिहिलेल्या पत्रात आढळते. किनाऱ्यावर तिकीट नाही, म्हणून भाव नाही. पण तिथवर येण्याचा खर्च मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तोच तिकिटासारखा वापरता येतो. समजा, आपल्या किनाऱ्यावर यायला कारवारशेजारच्या सदाशिवगडच्या माणसाला शंभर रुपये, बेळगावच्या माणसाला बाराशे आणि पुण्याच्या माणसाला चार हजार रुपये लागतात. दर हजार लोकवस्तीमागे सदाशिवगडहून पुष्कळ, बेळगावहून थोडे आणि पुण्याहून अगदीच मोजके लोक येतील. सदाशिवगडच्या माणसावर उद्या अकराशे रुपयांचे तिकीट बसवले तर त्यांच्यापैकी किती टिकतील, याचा अंदाज बेळगावच्या प्रमाणावरून बांधता येतो आणि तिकीट वाढत गेले तर किती जण उरतील अशा अंदाजांची आलेखावर रेघ ओढली की तिच्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे ते मघाचे ‘चारशे रुपये’, सगळ्यांचे मिळून. प्रवासात गेलेल्या वेळाचेही पैसे धरावे लागतात आणि साधारणतः मजुरीच्या एक तृतीयांश दराने ते धरण्याची प्रथा आहे.

याच पद्धतीने कॅलिफोर्नियातील मॅव्हरिक्स या अजस्र लाटेच्या ठिकाणाचे मूल्य २००९ च्या अभ्यासात वर्षाला सुमारे २.४ कोटी डॉलर निघाले. त्या लाटेवर उतरण्याची छाती फारच थोड्यांची असते. मूल्याचा फार मोठा भाग काठावर उभे राहून पाहणाऱ्यांचा आणि तिथे नुसते फिरायला येणाऱ्यांचा होता. आपल्या किनाऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की, फक्त आपल्या विद्यार्थ्यांची नोंद ठेवून भागणार नाही. पोरगा पाण्यात धडपडताना पाहत वाळूत बसलेले आईवडील आणि आजी यांचीही नोंद हवी.

दुसरीही एक रीत आहे. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे लाटेशेजारचे घर मैलभर लांबच्या तशाच घरापेक्षा सुमारे १ लाख ६ हजार डॉलरनी महाग असल्याचे २०१५ मध्ये दाखवले गेले. आपल्याकडे ही रीत वापरण्याच्या फंदात पडू नये. खरेदीखतावर लिहिलेली रक्कम आणि हातोहात दिलेली रक्कम यांचे नाते आपण सगळे जाणतोच. जगभरच्या ५,००० हून अधिक लाटांच्या परिसरातील रात्रीच्या उजेडाची १९९२ ते २०१३ या काळातील उपग्रहचित्रे तपासून, चांगल्या लाटांजवळची गावे इतरांपेक्षा वेगाने वाढली आणि लाटांमुळे जगात वर्षाला सुमारे ५,००० कोटी डॉलरची आर्थिक उलाढाल वाढते, असा निष्कर्ष ऑक्सफर्ड आणि सिडनी येथील दोन अभ्यासकांनी काढला आहे. वाचायला तो अभ्यास रंजक आहे, पण एका पंचायतीपुढे तो ठेवून काहीही साधणार नाही.

आपल्या आकड्याला खरी गळती लागते ती दोन ठिकाणी. बेळगावचे कुटुंब कारवारला जाते तेव्हा ते केवळ लाटेसाठी जात नाही. वाटेत दांडेलीला मुक्काम, पुढे गोकर्णाला महाबळेश्वराचे दर्शन, आणि मधल्या अर्ध्या दिवसात मुलांसाठी सर्फिंगचा एक धडा, असा तो बेत असतो. या सगळ्या प्रवासाचा खर्च लाटेच्या नावावर मांडला, तर तो महाबळेश्वराच्या दक्षिणेतून उचललेला पैसा ठरेल. म्हणून फॉर्ममध्ये ‘हा किनारा नसता तर आपण या बाजूला आला असता का’ हा प्रश्न हवाच, आणि ‘हो, आलोच असतो’ म्हणणाऱ्यांचा हिस्सा प्रामाणिकपणे कमी करायला हवा. माझ्या अनुभवात या एका प्रश्नाने आकडा निम्म्याच्याही खाली आलेला आहे आणि तरीही तोच आकडा पुढे टिकला.

दुसरी गळती पर्यायाची. आपली लाट गेली तर बेळगावचा माणूस सर्फिंग सोडून देईल, की चोर्ला घाट उतरून गोव्यात आश्वे किंवा मोरजीला जाईल? तो गोव्यात गेला तर देशाचे फारसे नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते आपल्या गावाचे. म्हणजे गावाचा तोटा मोठा आणि देशाचा लहान, अशा दोन वेगळ्या रकमा निघतात व त्या वेगळ्याच मांडाव्या लागतात. याला लागूनच येतो तो पैसा राहतो कुठे हा प्रश्न. बोर्ड बाहेरून आलेले, प्रशिक्षक बाहेरचे आणि होमस्टेचा मालक बेंगळुरूचा असेल, तर शंभरातले किती रुपये त्या गावात रात्र काढतात? आपल्यासमोर बसणारा पंचायत सदस्य हेच विचारणार आहे, आणि त्याचे विचारणे रास्त आहे.

आता आपला दुसरा प्रश्न, म्हणजे डीसी ऑफिसचा. आकड्याला बसायला कायद्यात पाट मांडलेला असेल तरच आकडा बोलतो. दक्षिण कॅलिफोर्नियात ट्रेसल्स या ठिकाणाजवळून जाणारा टोलरस्ता त्या राज्याच्या किनारा आयोगाने फेब्रुवारी २००८ मध्ये नाकारला. त्याच्या आदल्याच वर्षी, सर्फर लोक शेजारच्या सॅन क्लेमेंटे गावात वर्षाला ८० लाख ते १ कोटी ३० लाख डॉलर खर्च करतात, असा अभ्यास झालेला होता. अभ्यासाने रस्ता थांबवला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. किनाऱ्यावरील लोकांच्या विरंगुळ्याचे रक्षण करणारा कायदा तिथे १९७६ पासून होता आणि आकड्याने त्याला टेकू दिला. पेरूने २००० साली लाटांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदाच केला. न्यूझीलंडने २०१० च्या किनारा धोरणात राष्ट्रीय महत्त्वाच्या १७ सर्फिंगच्या जागांची यादी घातली, आणि तीही कोणताही मोठा हिशेब न मांडता.

आपल्याकडे किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांमध्ये भरतीरेषा आहे, वाळूच्या टेकड्या आहेत, कांदळवन आहे, कासवांच्या विणीच्या जागा आहेत, लाट नाही. धूपप्रतिबंधक बांधाला तर त्या अधिसूचना परवानगीने मुभाच देतात. म्हणून लाटेला एकटीला घेऊन डीसी ऑफिसात जाऊ नये. ज्या वाळूवर ती फुटते त्या वाळूला घेऊन जावे. तीच वाळू किनाऱ्यावर येऊन टेकड्या बांधते, तिच्यातच ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तिच्यावरूनच रापण, म्हणजे मच्छीमारांचे मोठे जाळे, ओढली जाते. पाण्याखालच्या पट्टीवर लाट आधीच फुटली की तिचा पुष्कळसा जोर तिथेच जिरतो, म्हणजे ती पट्टी स्वतःच काही अंशी धूप रोखत असते. किनाऱ्याला समांतर दगडी भिंत लाटेला परतवून लावते आणि परतलेले पाणी पायथ्याची वाळू खरवडते. मदेइरा बेटावरील जार्दिम दो मार येथील नावाजलेली लाट अशाच भिंतीने बिघडली. समुद्रात आडवा घुसवलेला बांध एका बाजूला वाळू साठवतो आणि दुसऱ्या बाजूला उपाशी ठेवतो.

मात्र ‘कोणतेही बांधकाम लाट मारते’ असे विधान लिहून देऊ नये, कारण ते खरे नाही. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टवर नदीमुखातली वाळू पंपाने पलीकडे टाकण्याची योजना २००१ मध्ये सुरू झाली आणि त्यातून ‘सुपरबँक’ ही जगप्रसिद्ध लांब लाट घडली. उलट मुद्दाम लाट घडवण्यासाठी इंग्लंडमधील बॉस्कम येथे ३० लाख पौंडांहून अधिक खर्चून २००९ मध्ये केलेला कृत्रिम खडक दोन वर्षांत बंद करावा लागला. समुद्राच्या तळाचे गणित असे आपल्या मर्जीने चालत नाही. आपल्या बांधाचा आराखडा किनारा अभियांत्रिकी जाणणाऱ्या माणसाला दाखवावा. तो भाग माझ्या शास्त्राचा नाही.

नाव न देण्याचे कारणही इथेच सांगतो. बालीतील उलुवातू येथे सर्फ पर्यटनातून वर्षाला सुमारे साडेतीन कोटी डॉलर येतात असे २०१४ मध्ये मोजले गेले, आणि त्याच उलुवातूत गर्दी, कचरा आणि सांडपाणी हे दुखणे होऊन बसले. मूल्य जाहीर केले की मूल्य बदलते. आपल्या किनाऱ्यावर अजून शौचालयही धड नसेल, तर ‘उत्तर कन्नडचा अनमोल किनारा’ म्हणून त्याची जाहिरात करणारा मी कोण?

घाटावरच्यांनी यात पडावे का, हा तिसरा प्रश्न वाचून मला थोडे हसू आले, कारण आपण खानापूरचे आहात. आपल्या तालुक्यातल्या डोंगरांत उगम पावलेली म्हादई मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते आणि शेजारच्या जोयड्यातून निघालेली काळी कारवारला. दोन्ही मुखांशी साचणारी वाळू घाटावरून गेलेली आहे. काळीवर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणांची माळ झाली. धरणात गाळाबरोबर वाळूही अडते आणि खाली खाडीतून उपसा चालूच राहतो. मुखाशी वाळू कमी पडली की समुद्र ती किनाऱ्यातून काढून घेतो. मग धूप होते, मग बांध मागितला जातो. आपल्या पंचायतीतली चर्चा या साखळीची शेवटची कडी आहे.

गणेशगुडीला मी एकदा राफ्टिंगसाठी आलेल्या लोकांची मोजदाद करायला फॉर्म घेऊन बसलो होतो. सुपा धरणाच्या वीजगृहातून पाणी सुटले तरच तिथे नदीत खळाळ उठतो. त्या दिवशी दुपारपर्यंत पाणी सुटले नाही. हुबळीहून आलेली वीस-पंचवीस मुले लाइफ जॅकेट घालून खडकांवर बसून राहिली आणि शेवटी जेवून परत गेली. नदी तीच, खडक तेच, पण त्या दिवसाचे मूल्य शून्य होते, आणि ते ठरवणारा माणूस दूर कुठेतरी विजेच्या मागणीचा तक्ता पाहत होता. घाटाखालच्या लाटेचेही तसेच आहे. तिचा निर्णय तिच्याजवळ बसून होत नाही.

कामाला कसे लागावे, याबद्दल थोडे. बांधाचा प्रस्ताव कागदावर येण्याआधी एक पूर्ण वर्षाची नोंद हाती हवी. वाद पेटल्यावर केलेली मोजणी कोणी खरी मानत नाही. नोंद मंगळवारीही हवी आणि आषाढातही हवी. नुसत्या डिसेंबरच्या रविवारांवरून वर्षाचा गुणाकार केलेले अहवाल मी पाहिले आहेत, आणि तरुणपणी असा एक स्वतःही लिहिला आहे. एका कार्यालयात माझा तो अहवाल समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे मिटवून परत दिला होता. त्याचे बरोबर होते.

नोंद घेऊन सरळ जिल्हाधिकाऱ्यांकडे जाण्याआधी मच्छीमार सोसायटीत जावे. किनारा नियमन अधिसूचनेनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जी जिल्हास्तरीय समिती असते, तिच्यात स्थानिक पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी घ्यावे लागतात; सर्फिंग शिकवणाऱ्यांना तिथे जागा नाही, त्यांना आहे. जानेवारी २०२० मध्ये बंदराच्या विस्ताराविरुद्ध कारवार उठले तेही मच्छीमारांच्या मागे उभे राहून. त्यांना बांध हवा असेल, कारण त्यांची घरे समुद्राच्या तोंडाशी आहेत, तर आपला लाटेचा हिशेब बाजूला ठेवून आधी त्यांचे ऐकावे. कोणाच्या ओटीवर समुद्र येत असताना त्याला पर्यटकांच्या समाधानाचे क्षेत्रफळ समजावून सांगणे मला तरी जमणार नाही. बांधाची जागा थोडी सरकवून किंवा वाळूच टाकून घरे आणि लाट दोन्ही वाचण्याची वाट अनेकदा अशा बसण्या-बोलण्यातूनच निघते.

फॉर्मविषयी शेवटची सूचना. तो कन्नड, कोकणी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत काढावा आणि त्यात ‘मूल्य’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नये, कारण तो वाचून लोकांना वाटते की किनारा विकायला काढला आहे. ‘लाट वाचवण्यासाठी किती पैसे द्याल’ असेही विचारू नये. आपल्याकडे त्याचे उत्तर एक तर ‘सरकारने द्यावेत’ असे येते किंवा माणूस वर्गणीच्या भीतीने उठून जातो. कुठून आलात, किती जण, कशाने आलात, किती वेळ लागला, किती खर्च झाला, हा किनारा नसता तर आला असता का, एवढेच विचारावे. खर्च हा शब्द तिन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे, त्यामुळे तिथे भाषांतराची चूक होण्याची भीती नाही. गावाचे नाव पिनकोडासह लिहून घ्यावे, कारण नुसते ‘बेळगाव’ लिहिणारा माणूस चंदगडजवळच्या सीमेवरचाही असू शकतो आणि अथणीचाही, आणि त्यांच्या प्रवासखर्चात पुष्कळ अंतर पडते.